दुसरा फ्लॅट, मुलांच्या मुळावर

दुसरा फ्लॅट घ्यावा, भाड्याने द्यावा आणि म्हातारपणी त्या भाड्यावर निवांत जगावं, हा सल्ला मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गात पिढीजात शहाणपण म्हणून दिला जातो. लग्नाच्या पंगतीत दिला जातो, सोसायटीच्या सभेनंतर चहा घेताना दिला जातो, ऑफिसातल्या निरोप समारंभात तर हमखास. देणारा कधी मामा असतो, कधी साडू, कधी बँकेतून निवृत्त झालेला शेजारी. मी ठाण्यात लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो. हा सल्ला ऐकून ज्यांनी पैसे घातले, त्यांचे आकडे दर जुलैमध्ये माझ्या टेबलावर येतात. त्या आकड्यांच्या जोरावर सांगतो: हा सल्ला खोटा आहे. घेणाऱ्याच्या खिशाला तो तोट्यात नेतो आणि या शहरात राहायला जागा शोधणाऱ्या प्रत्येक तरुणावर अन्याय करतो.

राहत्या घराबद्दल मी बोलत नाही. डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं असं वाटणं रास्त आहे, त्याला नफ्यातोट्याची फूटपट्टी लावायचं कारण नाही. मी बोलतोय ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फ्लॅटबद्दल. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, गावची विकलेली जमीन, बायकोच्या माहेरचा हिस्सा असं सगळं एकत्र करून घेतलेल्या त्या फ्लॅटबद्दल, ज्याला घरात सगळेजण मोठ्या अभिमानाने ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात.

आधी हिशोब. कांदिवलीचा किंवा मुलुंडचा, उपनगरातला एक तयार फ्लॅट धरा. किंमत एक कोटी. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे सहा लाख. नोंदणीचे तीस हजार. दलालाचा एक टक्का, म्हणजे एक लाख. सोसायटीचं हस्तांतर शुल्क पंचवीस हजार. रंग, किचन ट्रॉली, पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या हे सगळं धरून तीन लाख. एक कोटीचा फ्लॅट एक कोटी साडेदहा लाखांना पडला. भाडं किती येईल? अशा फ्लॅटला महिना पंचवीस हजार मिळाले तर मालक खूश असतो. दोन भाडेकरूंमधली रिकामी मुदत धरली तर वर्षाला अकरा महिन्यांचं भाडं हातात पडतं, म्हणजे पावणेतीन लाख. त्यातून मेंटेनन्स जातो, कारण मुंबईत तो बहुधा मालकच भरतो. महिना साडेचार हजार धरा, वर्षाचे चोपन्न हजार. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. रंग, नळ, गळती, इलेक्ट्रिशियन यांचे वीस हजार. उरले एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. आता प्राप्तिकर. भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, उरलेल्या रकमेवर तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस उपकरासह साठ हजार भरतो. शेवटी हातात राहतात एक लाख अठ्ठावीस हजार. एक कोटी दहा लाख गुंतवून वर्षाला सव्वा टक्कासुद्धा नाही.

हेच पैसे बँकेत साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर त्याच माणसाला पूर्ण कर भरूनही वर्षाला पावणेपाच लाखांच्या वर मिळतात. नळ बदलावा लागत नाही, दलालाचे फोन घ्यावे लागत नाहीत, सोसायटीच्या सेक्रेटरीची मनधरणी करावी लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा माणशी तीस लाख झाली, दर ८.२ टक्के. नवराबायको दोघंही साठीच्या पुढचे असतील आणि दोघांनी मिळून साठ लाख तिथे ठेवले, तर महिन्याला सरासरी एकेचाळीस हजार व्याज येतं आणि त्याला केंद्र सरकारची हमी असते. म्हातारपणाच्या मिळकतीसाठी फ्लॅट घेतला असं सांगणाऱ्याने हे दोन आकडे एका कागदावर लिहावेत. साठ लाखांवर एकेचाळीस हजार. एक कोटी दहा लाखांवर पंचवीस हजार, तेही खर्च आणि कर जायच्या आधी.

कर्ज काढून घेणाऱ्याची अवस्था याहून वाईट. पंच्याहत्तर लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता पासष्ट हजार. भाडं पंचवीस हजार. म्हणजे दर महिन्याला चाळीस हजार आपल्या पगारातून भरून दुसऱ्याच्या राहण्याची सोय करायची. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य या शहरात कित्येक वर्षांत खरं राहिलेलं नाही, तरी ते प्रत्येक बुकिंग ऑफिसात आजही ऐकवलं जातं. भाडं दरवर्षी वाढतं असं कुणी म्हणेल. पाच टक्क्यांनी वाढलं तर पंचवीसचे पन्नास हजार व्हायला चौदा वर्षं लागतात, आणि तेव्हाही हप्ता पासष्ट हजारच असतो. वीस वर्षांत बँकेला एक कोटी छप्पन्न लाख दिलेले असतात. व्याजावर कर वाचतो, हा आणखी एक भ्रम. भाड्यातून वजा होऊन उरलेल्या व्याजाचा तोटा पगारातून वळता करण्याला २०१७ पासून वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे आणि नव्या करप्रणालीत तर पगारातून एक रुपयाही वळता करता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना हे कर्ज घेतल्यानंतर कळतं. त्यांच्या बिल्डरने आणि बँकेच्या माणसाने ते सांगितलेलं नसतं, कारण सांगितलं असतं तर सही झाली नसती.

इथपर्यंत आलं की प्रत्येकजण एकच हुकमाचं पान टाकतो: भाडं कमी असेल, पण भाव वाढतो ना! माझा खरा राग या वाक्यावर आहे. हिशोब म्हणूनही ते कच्चं आहे आणि नीती म्हणून तर फारच वाईट आहे.

हिशोब आधी बघू. ‘बारा वर्षांत दुप्पट झाले’ असं छाती फुगवून सांगणाऱ्याला हे माहीत नसतं की बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सहा टक्के. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ टक्के आहे, तिथे दहा वर्षांत दुप्पट होतात, आणि त्यावर कर नाही. फ्लॅट विकताना नफ्यावर कर आहे, दलाल आहे, खरेदीदार शोधण्यात जाणारे महिने आहेत. २०१४ नंतरची पाच-सहा वर्षं मुंबई महानगरात कित्येक ठिकाणी भाव जागचे हलले नव्हते, हे लोक सोयीने विसरतात. २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे बाजाराला धुगधुगी आली. जी गुंतवणूक तगवायला सरकारला महसूल सोडावा लागतो, तिला सुरक्षित म्हणायचं कशाच्या आधारावर? शिवाय अडीअडचणीला ती कामाला येत नाही. बायपासचं बिल भरायला फ्लॅटची बाल्कनी तेवढी विकता येत नाही. सगळा विकावा लागतो, घाईत विकावा लागतो आणि पडेल भावात विकावा लागतो. हे मी ओळखीच्या घरांतून होताना पाहिलं आहे.

‘पण बँका बुडतात, वीटसिमेंट बुडत नाही,’ हा पुढचा बचाव. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. ते हाल मी विसरलेलो नाही. पण ती बँक कशापायी बुडाली? तिच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. वीटसिमेंटच बुडालं होतं, आणि त्याने ठेवीदारांना सोबत नेलं. अर्धवट उभ्या टॉवरांसमोर हप्ताही भरणारी आणि भाडंही भरणारी कुटुंबं या महानगरात थोडी नाहीत. त्यांच्यासाठीच २०१६ चा रेरा कायदा करावा लागला.

आता नीतीकडे येतो. भाव वाढतो म्हणजे काय होतं? फ्लॅट जुना होतो, प्लास्टर सुटतं, लिफ्ट खडखडते, गच्ची गळायला लागते. वस्तू दरवर्षी खराब होते आणि किंमत दरवर्षी वाढते. ही वाढ त्या मालकाच्या कर्तबगारीने होत नाही. जागा कमी, माणसं जास्त आणि सरकारने बांधलेली रेल्वे, मेट्रो, रस्ता जवळ, म्हणून ती होते. म्हणजेच दुसरा फ्लॅट घेणारा माणूस एका गोष्टीवर पैसे लावतो: या शहरात घरांची टंचाई वाढत राहील. आज ज्याला घर परवडत नाही त्याला उद्या आणखी परवडणार नाही, यावर त्याचा नफा अवलंबून आहे. आणि ‘ज्याला परवडत नाही’ तो कोण? त्याचाच मुलगा. त्याचीच सून. त्याच्या बहिणीची नर्स झालेली लेक, जी रोज बदलापूरहून परळच्या हॉस्पिटलात उभ्याने येते. आईबापांची पिढी घरांचे भाव वाढावेत म्हणून देवाला हात जोडते आणि त्याच भावांमुळे पोरांना तीस वर्षांचं कर्ज काढावं लागलं की ‘आजकालच्या मुलांना बचतच येत नाही’ असं म्हणते. हे मला सहन होत नाही. ही मुलं आपल्यापेक्षा जास्त शिकली, जास्त कमावतात, जास्त तास राबतात. त्यांना घर मिळत नाही, कारण ते आपण अडवून ठेवलं आहे.

अडवून ठेवलं आहे हे मी शब्दशः म्हणतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे चार लाख ऐंशी हजार घरं रिकामी आढळली. देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने हा आकडा ठळकपणे मांडला होता. त्याच जनगणनेत मुंबईतली बावन्न लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे शंभरातली चाळीसहून जास्त, झोपडपट्टीत राहत होती. त्यानंतर आजवर नवी जनगणना पूर्ण झालेली नाही, पण संध्याकाळी सात वाजता कुठल्याही नव्या टॉवरखाली उभं राहून पेटलेल्या खिडक्या मोजाव्यात. गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट कितीतरी वेळा भाड्यानेही दिले जात नाहीत. ‘वापरलेला फ्लॅट विकताना भाव पडतो’, ‘भाडेकरू घर खराब करतात’, ‘लागेल तेव्हा आपलं आपल्याला मोकळं असावं’. कुलूप लावून चावी कपाटात. झोपायला जागा नसलेल्या शहरात रिकामं घर कुलपात ठेवणं हा माझ्या मते दुष्काळात धान्य दडवण्याइतकाच गंभीर अपराध आहे.

कायदा या कुलपाला शिक्षा करत नाही, बक्षीस देतो. पूर्वी दुसरं घर रिकामं ठेवलं तरी प्राप्तिकर खातं त्यावर संभाव्य भाडं धरून कर लावत असे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरांना त्यातून सूट दिली. २०२५ मध्ये त्या सवलतीच्या उरल्यासुरल्या अटीही काढल्या. आज दुसरं घर भाड्याने देणारा कर भरतो आणि कुलूप लावणारा काहीच भरत नाही. मी दरवर्षी लोकांच्या विवरणपत्रात त्या कुलपबंद घरासमोर शून्य लिहितो. ते कायद्याला धरून आहे, मला लिहावंच लागतं. पण ज्या कायद्याने मला ते शून्य लिहायला लावलं तो कायदा अन्यायाचा आहे, हे म्हणायचा मला पूर्ण अधिकार आहे.

कुणी म्हणेल, भाडेकरूंची भीती उगाच बसलेली नाही. बरोबर आहे, तिला इतिहास आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. मुंबईत भाड्यासाठी इमारती बांधणं हा एके काळी सचोटीचा, भरभराटीचा धंदा होता. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी मालकांनी भाड्यासाठीच बांधल्या. १८९६ च्या प्लेगने हादरलेल्या सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याने बीआयटी चाळी उभारल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या दोनशे सात चाळी उभ्या राहिल्या. सगळी भाड्याची घरं. गिरणीतला कोकणी, घाटावरचा कामगार याच खोल्यांमध्ये टिकला, त्याची पोरं इथेच शिकली. मुंबई घडली ती भाड्याच्या खोलीत. त्या खोल्या कोंदट होत्या, संडास सामायिक होते, त्यांचं कौतुक करायचं कारण नाही. पण कोकणातून आलेल्या माणसाला पहिल्या पगारात या शहरात पाय टेकायला जागा मिळत होती.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचं होतं, पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा पन्नास वर्षांहून जास्त चालला. भाड्यातून दिव्याचा खर्चही निघेना, तेव्हा मालकांनी डागडुजी सोडली. जागेचा खरा भाव पागडीच्या रूपात रोख, बिनपावतीचा फिरू लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या, मग १९९९ चा नवा कायदा आला. तोवर दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या हजारो उपकरप्राप्त इमारती टेकूंवर आल्या होत्या. २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून जास्त माणसं गेली, ती या धोरणाचीही बळी आहेत. भाड्याचा धंदा असा मेल्यावर बांधकाम व्यावसायिक मालकी हक्काच्या फ्लॅटकडे वळले. १९६१ मध्ये शहरी भारतातली निम्म्याहून जास्त, चोपन्न टक्के, घरं भाड्याची होती. २०११ मध्ये अठ्ठावीस टक्के उरली.

पण पागडीची ही भीती आजच्या फ्लॅटमालकाने सांगावी, हे मला मान्य नाही. १९९९ च्या कायद्याचं चोविसावं कलम लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला मुदतीनंतर एक दिवसही राहायचा हक्क देत नाही. मुदत संपूनही तो हलला नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. मालकाला एवढं संरक्षण असलेला करार देशात फार थोड्या ठिकाणी असेल. आज या नात्यात घाबरून असतो तो भाडेकरू. अकरा महिने झाले की भाडं वाढणार, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की निघावं लागणार, पोरांची शाळा बदलणार, गॅसचा पत्ता बदलणार, आधारचा पत्ता बदलणार.

आणि आपण त्याला वागवतो कसं? घर बघायला आलेल्या पोरीला विचारायचं: लग्न झालंय का? रात्री किती वाजता येता? मित्र येतात का? आडनाव काय? नॉनव्हेज खाता? सोसायटीचे नियम म्हणे. एकट्या मुलीला नको, एकट्या मुलाला नको, मुसलमानाला नको, आडनावावरून जात हुंगून दलिताला नको. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी वर बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही असा राज्य सरकारचा आदेश २००१ पासून आहे आणि तरी दुप्पट-तिप्पट उकळणाऱ्या सोसायट्यांची बिलं मी दरवर्षी पाहतो. जाताना डिपॉझिटमधून रंगाचे कापायचे, भिंतीतल्या खिळ्याचे कापायचे, आणि उरलेले ‘पुढचा भाडेकरू आला की देतो’ म्हणून महिनोन् महिने अडकवायचे.

मुंबईत मासे खातो म्हणून मराठी माणसाला घर नाकारलं की आपण पेटून उठतो. उठायलाच हवं. स्वतःच्या राज्याच्या राजधानीत जेवणावरून घर नाकारलं जाणं हा अपमान आहे. पण तोच मराठी माणूस डोंबिवलीतला आपला दुसरा फ्लॅट भाड्याने देताना ‘शेख नको, आणि तसलं कुणी नको’ असं एजंटला सांगतो, तेव्हा त्याच्या त्या रागाची किंमत शून्य होते. एकाच समाजापुरतं सदस्यत्व ठेवणाऱ्या सहकारी सोसायटीला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्यता दिली. त्या निकालाने या भिंती आणखी पक्क्या केल्या असं माझं स्पष्ट मत आहे. सहकार या नावाखाली सरकारी सवलती घ्यायच्या आणि दारावर जात-धर्म तपासायचे, हे बंद झालं पाहिजे.

सरकारने काय केलं? २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, कमी भाडं, शहरात नव्याने येणाऱ्यासाठी. काही वर्षांत योजनेचा मूळ हेतूच सोडला गेला. पनवेलजवळ कोनला बांधलेली घरं गिरणी कामगारांना सोडतीने मालकीची म्हणून दिली गेली. गिरणी कामगारांना घर मिळायलाच हवं, ते गिरणगावातच मिळायला हवं होतं. पण भाड्याच्या घरांचा साठा उभा राहण्याआधीच मोडला. २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा केंद्राला परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आठवली. आज मुंबईत नोकरीला लागलेल्या तरुणाला त्या योजनेतली खोली मिळते का, हे ज्याचं त्याने आजूबाजूला पाहावं. आपल्याकडे गृहनिर्माण म्हणजे सोडत, सोडत म्हणजे मालकी, आणि मालकी म्हणजे काही वर्षांनी विकून नफा. भाड्याचं सरकारी घर, जे कुणाच्या मालकीचं होत नाही आणि पिढ्यान् पिढ्या गरजूंना मिळत राहतं, ही कल्पनाच आपण गाडून टाकली आहे.

जगात इतर शहरांनी हा प्रश्न असा वाऱ्यावर सोडलेला नाही. सिंगापूरमध्ये नागरिकाला दुसरं घर घेताना २०२३ पासून वीस टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तिसऱ्याला तीस टक्के. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावला आणि पुढे तो घराच्या मूल्याच्या तीन टक्क्यांपर्यंत नेला. आपल्याकडे पहिलं घर घेणारा तरुण आणि सातवं घर घेणारा धनाढ्य एकाच दराने मुद्रांक शुल्क भरतात. याला समता म्हणत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दुसऱ्या घरापासून पुढे मुद्रांक शुल्क चढतं ठेवा आणि पहिल्या घरावरचं कमी करा. वर्षातले सहा महिने कुलपात राहणाऱ्या घरावर महापालिकेने जबर कर लावावा, वीजमीटरचं रीडिंग हा पुरावा पुरेसा आहे. दुसऱ्या रिकाम्या घराला दिलेली प्राप्तिकराची सूट काढून घ्या आणि ती भाड्याने देणाऱ्याला द्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे, ती मर्यादा महाराष्ट्रात लागू करून कडकपणे पाळा. म्हाडाने दरवर्षी बांधलेल्या घरांतला ठरावीक हिस्सा कधीही न विकता भाड्यानेच द्यावा. जात, धर्म, जेवण किंवा एकटेपणा यावरून भाडेकरू नाकारणाऱ्या सोसायटीवर निबंधकाने प्रशासक नेमावा.

सरकार हे उद्या करेल असा माझा भरवसा नाही. विधिमंडळात आणि महापालिकेत बसलेल्या किती जणांकडे स्वतःचेच पाच-सहा फ्लॅट आहेत, ते त्यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रांत कुणालाही वाचता येतं. पण आपल्या हातातलं आपण करू शकतो. तुमच्याकडे कुलपात फ्लॅट असेल तर याच महिन्यात तो भाड्याने द्या. आडनाव न विचारता द्या, दोन महिन्यांचं डिपॉझिट घ्या, करार नोंदवा आणि जाताना भाडेकरूचे पैसे त्याच दिवशी परत करा. दुसरा फ्लॅट घ्यायला निघाला असाल तर थांबा, वर दिलेला हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करून बघा. आणि तरीही घरातच पैसे घालायचे असतील, तर दुसऱ्या फ्लॅटसाठी जमवलेली रक्कम तुमच्या मुलीच्या किंवा मुलाच्या पहिल्या घराला द्या. त्यांच्या डोक्यावरचं कर्ज तेवढं कमी होईल आणि त्या घरात माणसं राहतील.